वेशीबाहेरचा भाऊ

भोरमध्ये त्या काळी भिंतीवर चौकट टांगली जाई ती तिघांसाठी. देव, घरातले गेलेले माणूस आणि संस्थानिक. पहिल्याला कुंकू लागे, दुसऱ्याला हार पडे, तिसऱ्याला मुजरा होई. यांपैकी काहीच न करता नुसते पाहावे असे चित्रही भिंतीवर असू शकते, ही कल्पना गावात आणली ती शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी. ती फार दिवस टिकली नाही.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधीची ही हकीकत आहे. मी तेव्हा पुण्याच्या एका साप्ताहिकाचा भोरचा बातमीदार होतो. बातमीदारी म्हणजे कोणाची बदली झाली, नीरेला पाणी किती आले आणि सर्व्हिस मोटार कापूरहोळच्या अलीकडे कुठे बंद पडली, एवढे कळवणे. त्यामुळे वाचनालयाच्या माडीवर चित्रप्रदर्शन भरणार असे कळले तेव्हा मी दौत भरून ठेवली.

मास्तर मुंबईला चित्रकला शिकून आले होते. शाळेत ते मुलांकडून वांगे, तांब्या आणि पिंपळपान काढून घेत. चित्रकलेबद्दल त्यांचा एकच नियम होता : जे दिसते ते काढायचे. या नियमाची किंमत त्यांनी आधीच मोजली होती. पेठेतल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडून दुकानासाठी गणपती करून घेतला. मास्तरांनी सर्कशीतला हत्ती पाहिलेला होता. त्यांनी सोंडेवरच्या सुरकुत्या, बारीक डोळे, कानाची फाटलेली कड, सगळे काढले. व्यापाऱ्याने चित्र परत पाठवले. "मास्तर, चित्र उत्तम आहे," तो म्हणाला, "पण हा हत्ती आहे."

प्रदर्शनाचा विषय होता काव्य. वाचनालयाचे चिटणीस वकील होते आणि स्वतः कविता करीत. काव्यावर चित्रे म्हटल्यावर त्यांनी माडी विनामूल्य दिली, टेबले हलवून दिली आणि आपल्या कवितांची वही मास्तरांच्या घरी पोचती केली. मास्तरांनी ती आदराने वाचून परत केली. त्यांना हवे ते काव्य दुसरीकडे सापडले होते.

शाळांच्या चित्रकलेच्या तपासणीसाठी ते भोंगवलीला गेले असताना तिथल्या शिक्षकाच्या घरी उतरले होते. पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर आणि एका बाईच्या ओव्या ऐकू आल्या. मास्तरांनी शिक्षकाच्या पत्नीकडून त्या लिहवून घेतल्या. गाणारी बाई शेतकऱ्याच्या घरातली धाकटी सून. माहेर वेल्ह्याकडचे, तोरण्याच्या पायथ्याचे. भोंगवली ज्वारीचा गाव, आणि ज्वारीचे लोक नाचणीच्या लोकांना सोयरे करून घेतात, पण ते नाचणीचे आहेत हे विसरू देत नाहीत. तिच्या बहुतेक ओव्या भावावर होत्या. मास्तरांनी निवडलेली मुख्य ओवी अशी :

घोड्याची धूळ उडं पिंपळाच्या पारावरी,
बंधुराया आला माझा, उजेड पडं दारावरी.

ओवी हाती आल्यावर मास्तरांनी नियमाप्रमाणे भाऊ पाहायला हवा असे ठरवले. ते वेल्ह्याला गेले आणि तिथून चालत त्याच्या गावी पोचले. भाऊ वाफ्यात चिखल करीत होता. घोड्याबद्दल विचारल्यावर त्याने मागे वळून पाहिले, कोणाला विचारले आहे ते कळण्यासाठी. पंचमीला तो बहिणीला न्यायला भोंगवलीला जाणार होता. मास्तरांनी त्या दिवशी नसरापूरला त्याची वाट पाहिली आणि तिथून दोघे बरोबर चालले.

डोक्यावर आंबेमोहोर तांदळाचे गाठोडे, खांद्यावर घोंगडी, आणि वहाणा हातात. चिखलात वहाणा झिजतात, पाय झिजत नाहीत, असा हिशेब. भोंगवलीच्या वेशीबाहेर पिंपळ आहे. तिथे ओढ्याच्या पाण्यात पाय धुऊन, मुंडाशाच्या शेवाने पुसून, वहाणा घालून मग गावात शिरायचे, हा त्याचा दरवर्षीचा शिरस्ता. तो पाण्याकडे वळणार तोच मास्तर म्हणाले, "थांब." त्याला वाटले मास्तर दमले. तो थांबला. मास्तरांनी वही काढली.

हे चित्र माडीवर जिन्याच्या समोरच टांगले होते. आभाळ भरलेले, लांब वेस, अलीकडे पिंपळ आणि त्याखाली हा माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वहाणा, तोंडावर घाम आणि आता पोचलोच असा आनंद. एका वहाणेचा अंगठा तुटलेला, तोही काढलेला. खाली पाटीवर बाळबोध अक्षरात ओवी. मास्तरांनी आयुष्यात काढलेले ते सर्वांत चांगले चित्र होते, असे माझे मत आहे. चित्रकलेत माझे मत कोणी विचारीत नसे.

उद्घाटनाला दरबारचे एक वरिष्ठ अधिकारी आले. वकीलसाहेबांनी काव्य आणि चित्र या दोन भगिनींवर भाषण केले आणि आपल्या तीन कविता उदाहरणादाखल म्हटल्या. नंतर सर्व मंडळी चित्रे पाहायला निघाली, म्हणजे पाट्या वाचायला. शिक्षक, कारकून, वकील, सगळे वाचणारे लोक होते. पाटी वाचून झाली की चित्र पाहिले असे धरून ते पुढे सरकत. अधिकारीसाहेब मात्र जिन्यासमोरच्या चित्रापाशी थांबले. त्यांनी ओवी मोठ्याने वाचली, चित्राकडे पाहिले, पुन्हा ओवी वाचली.

"मास्तर, घोडा कुठे आहे?"

वकीलसाहेबांनी शेजारच्या चित्राकडेही पाहून घेतले, पाट्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून.

"घोडा नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

"ओवीत आहे."

"ओवीत आहे. पण तो नव्हता. मी तिथे होतो."

"म्हणजे ओवी खोटी?"

"ओवी खरी आहे, साहेब. घोडा नाही."

"कोर्टात असं चालत नाही हो," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

साहेब सभ्य गृहस्थ होते. जिना उतरताना ते एवढेच म्हणाले की कचेरीच्या दिवाणखान्यात एक भिंत रिकामी आहे, दरबार एखादे चित्र घेण्याच्या विचारात आहे, आणि घोडा असता तर बरे झाले असते.

पहिला आठवडा असाच गेला. मग बाजाराचा दिवस आला. बाजाराला आलेली खेड्यांतली माणसे माडीवर काय आहे ते पाहायला चढू लागली. वहाणा जिन्यापाशी सोडून ती वर येत आणि चौकटी पाहून आधी हात जोडीत. बायका चित्रातल्या माणसाकडे बघून हळहळत. "कोन गेला म्हनायचा ह्यो? वय काय न्हाई वं." मास्तर प्रत्येकाला सांगत की हा माणूस जिवंत आहे. मग ती माणसे मास्तरांकडे संशयाने पाहत.

भोंगवलीचा एक शेतकरी, त्या बाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, चित्रापुढे येऊन थबकला.

"आरं, ह्यो तर आमचा वेल्ह्याचा पाव्हणा! कवा गेला?"

"गेला नाही. बरा आहे," मास्तर म्हणाले.

"बरा हाय तर टांगलाय कशापायी?" तो आणखी जवळ गेला. "आन् वहाणा हातात व्हय! आमच्या हितं तर पायात घालून येतो की."

तो हसला नाही. गावात जाऊन सांगण्यासारखे काही सापडले की माणूस हसणे राखून ठेवतो. संध्याकाळच्या बैलगाडीबरोबर बातमी भोंगवलीला पोचली. माझ्या बातम्यांना पुण्याला पोचायला याहून जास्त वेळ लागे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जात्यावर प्रत्येक बाईचा भाऊ घोड्यावर येतो. या बाईच्या थोरल्या जावेचा भाऊही येत असे. त्याच्याकडे प्रत्यक्षात एक म्हातारा बैल होता, तोही अर्धलीवर, म्हणजे अर्धा दुसऱ्याचा. जात्यावरच्या घोड्याला कोणी दाणा दाखवायला सांगत नाही. हा सगळ्या सुनांमधला न बोललेला करार होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या नीट चालला होता. पण चित्र ही ओवी नव्हे. चित्र भोरला होते, चौकटीत होते आणि त्यापुढे माणसे हात जोडीत होती. सरकारी कागदासारखाच तो पुरावा झाला होता. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर थोरली जाऊ म्हणाली, "घोडा दमला आसंल गं. म्हून तुज्या बंधुरायानं वहाणा हातात घिऊन त्येला इसावा दिला."

पुढच्या बाजाराला ती बाई भोरला आली. थोरली जाऊ बरोबर होती, मीठ-मिरची घ्यायला म्हणून. मी त्या वेळी माडीवर वर्तमानपत्रे चाळीत होतो. बाई चित्रापुढे उभी राहिली. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, जसा घरातल्या मोठ्या माणसापुढे घेतात. मग विचारले,

"मास्तर, ह्ये तुमी काढलं?"

"हो. तुमच्याच ओवीवरून काढलं."

"माज्या ववीत वहाणा कुठं हायेत?"

"ओवीत नाहीत. पण त्याच्या हातात होत्या."

"हातात व्हत्या त्या वेशीभाईर. माज्या दारात आला तवा पायात व्हत्या. दारातला काढायचा व्हता की."

"मी वाटेवरचा काढला."

"वाटंवर त्यो कुनाचा भाऊ न्हाई, मास्तर. वाटंवर कुनी बी कसं बी चालंल. वेशीच्या आत पाय टाकला की त्यो माजा भाऊ."

मास्तरांनी अशा वेळी सगळेच लोक देतात ते उत्तर दिले. "पण चित्र खरं आहे, बाई."

"खरं हाय म्हून तर आले. खोटं आसतं तर हासून सोडलं आसतं."

थोरली जाऊ इतका वेळ चित्र बारकाईने पाहत होती. "काढलंय मातुर हुबेहूब," ती म्हणाली. "वहाणंचा आंगठा बी तुटल्याला काढलाय. पाव्हण्याला म्हनावं, येताना चांभाराकडनं या."

बाईने तिच्याकडे पाहिले नाही. "मास्तर, घोडा काढा," ती म्हणाली. "न्हाई तर ह्ये उतरवा."

"दोन्ही होणार नाही," मास्तर म्हणाले. ते चिडले नव्हते. गणपतीच्या वेळीही ते असेच बोलले होते.

बाई मग वळली आणि चित्राखाली भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. चित्र फार उंच टांगलेले नव्हते. तिचे डोके आणि डोक्यावरचा पदर बरोबर वहाणांच्या आड आला. चित्रातला माणूस आता कमरेपासून वर दिसत होता. गाठोडे, घोंगडी, आनंदी तोंड. बाजाराची माणसे येत, हात जोडीत, खाली बसलेल्या बाईकडे पाहत आणि ही त्याची बायको असावी असे समजून हळू पावलांनी निघून जात. वकीलसाहेब दोनदा येऊन गेले. वाचनालयाच्या नियमांत वाचकांनी जमिनीवर बसू नये असे होते, पण ती वाचक नसल्यामुळे नियम लागू पडत नव्हता.

गाडी जुंपायची वेळ होईपर्यंत ती बसून राहिली. थोरली जाऊ जिन्यातून ओरडली, "चल गं बाई, आता काय घोडा हितंच वियाचा हाय का?" तेव्हा ती उठली. जाताना मास्तरांना नमस्कार करून गेली.

त्या दिवशी घरी जेवताना काय झाले ते मास्तरांनीच मला नंतर सांगितले. त्यांच्या पत्नीचे माहेर वरंधा घाटाखाली, महाडच्या बाजूला. वकीलसाहेबांच्या घरून तिच्या कानावर सगळे आलेच होते. ती वाढता वाढता म्हणाली, "माझा दादा घाट चढून येतो ना, तेव्हा धोतर मांडीपर्यंत खोचलेलं असतं आणि खांद्यावर फणस. भोर दिसायला लागलं की धोतर सोडतो आणि फणस हमालाकडे देतो. त्यालाही काढा एकदा. शेजारी टांगता येईल."

मास्तरांनी भात जास्त मागून घेतला, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते रंगांची पेटी घेऊन माडीवर गेले.

घोडा मिळवणे सोपे नव्हते. भोर-कापूरहोळ रस्त्यावर टांगे चालत. त्यातला एक घोडा मास्तरांनी अड्ड्यावर उभा करून पाहिला. नियम सुटला तरी हात सुटत नाही. त्यांनी बरगड्यांसकट तोच घोडा काढायला घेतला. पण आता माडी भरलेली असे. जी मंडळी पाट्या वाचून पुढे सरकत होती ती आता स्टुले ओढून बसू लागली. घोड्याबद्दल मत नसलेला माणूस भोरमध्ये नव्हता. "मास्तर, मान जरा ताठ." "मास्तर, हा घोडा आहे का खाटीकखान्याचा पाहुणा?" कोणी एक दिनदर्शिका आणून दिली. तिच्यावर पांढरा, भरलेला, पुढचे पाय उचललेला घोडा होता. मास्तरांनी तोच काढला. काव्यावरच्या प्रदर्शनाला एवढी गर्दी पहिल्यांदाच झाली.

घोडा घालायचा म्हणजे पिंपळ काढून टाकावा लागला आणि वेस अर्धी गेली. वहाणा पायांत गेल्या, पाय रिकिबीत गेले, चिखल रंगाखाली गेला. घोंगडी खांद्यावर शोभेना म्हणून तिचा शेला झाला आणि हातातल्या वहाणांच्या जागी लगाम आला. तांदळाचे गाठोडे मात्र मास्तरांनी काढून टाकले नाही. ते डोक्यावरून खोगिरावर पुढे आले. भरलेले आभाळ आणि तोंड तेवढे जसे होते तसे राहिले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी बाई जावेला घेऊन पुन्हा आली. या वेळी मीठ-मिरचीचे निमित्त नव्हते. तिने चित्र पाहिले. हात जोडले नाहीत.

"आता आला," ती म्हणाली.

थोरली जाऊ बराच वेळ घोड्याकडे पाहत होती. "माज्या दादाला बी काढताल का वं?" तिने मास्तरांना विचारले. मास्तर म्हणाले, पाहू.

अधिकारीसाहेब समारोपाला आले ते चित्रापुढे उभे राहताच म्हणाले, "वा! हा आपल्या मावळातला सरदार." वकीलसाहेबांनी दुजोरा दिला. मास्तरांनी खालची ओवीची पाटी सरळ केली. तोरण्याच्या आणि राजगडाच्या सावलीत घोड्यावर बसलेला माणूस दुसरा कोण असू शकतो, हा प्रश्न तिथे कोणालाच पडण्यासारखा नव्हता. दरबाराने चित्र घेतले. ओवीची पाटी साहेबांनी परत केली. कचेरीत बायकांचे गाणे बरे दिसत नाही, असे त्यांनी सौजन्याने सांगितले.

मी सविस्तर बातमी पाठवली होती. ओवी, वहाणा, पिंपळ, बसून राहिलेली बाई, सगळे क्रमाने. संपादकांनी जागेअभावी तिच्यातली एक ओळ ठेवली : भोर येथे ऐतिहासिक चित्रांचे प्रदर्शन यशस्वी झाले.

चित्र दिवाणखान्यात लागल्यावर बाकीचे आपोआप झाले. शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना ते दाखवायला नेले आणि खोगिरावरचे गाठोडे म्हणजे लुटून आणलेल्या खजिन्याची थैली असल्याचे सांगितले. गावातल्या दोन घराण्यांनी तो आपला मूळपुरुष असल्याचे सांगायला सुरुवात केली आणि त्यावरून त्यांचे एका लग्नात बोलणेही बंद झाले. दसऱ्याला चित्राला हार पडू लागला. भोरच्या नियमाप्रमाणे तो आता गेलेल्यांत जमा झाला होता. मास्तरांना मानाच्या घरांतून आणखी सरदारांची मागणी येऊ लागली. त्यांनी ती पुरी केली. दिनदर्शिका त्यांनी जपून ठेवली होती. शाळेत मुले त्यांना मागून घोडेमास्तर म्हणत. वांगे काढताना ते पूर्वीसारखेच कडक होते.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर मी कचेरीच्या पडवीत बसलो होतो. बदल्या निघणार होत्या. बांधाच्या तंट्याची तारीख असलेली माणसे खांबांना टेकून बसली होती. त्यांत तो भाऊ होता. मी ओळख दिली. दिवाणखान्याचे दार उघडे होते आणि आत समोरच चित्र दिसत होते.

"पाहिलंस का?" मी विचारले.

"तर! सकाळपास्नं त्येच बघतोय." तो पट्टेवाल्याकडे बोट करून हसला. "त्येला म्हनलं, ह्यो म्या हाय. तर म्हनतो, व्हय, आन् म्या दिवाण हाय. गप बस तितं."

"पंचमीला गेला होतास भोंगवलीला?"

"गेलो की. दारात पाय ठिवला तर ती आक्काची थोरली जाऊ फुडं. म्हनली, पाव्हणं, घोडा कुठं बांधला?"

"मग?"

"म्या काय बोलनार! म्या आपला पायाकडं बघाय लागलो. तवर आक्का चुलीपास्नं म्हनली, भोरला कचेरीत बांधलाय. दाणावैरण सरकारची हाय, घरी आनून काय करायचा." तो स्वतःशीच मान हलवत राहिला. "सासू बी हासली. जावंनं निमूट पानी आनून दिलं पायाव."

"आणि वाटेनं कसा गेलास?"

"कसा म्हंजी? जातो तसाच." त्याने इकडेतिकडे पाहिले. "पिंपळापाशी आता जरा मागं बघून घेतो. मास्तर न्हाईत ना म्हून."

आतून पुकारा झाला. तो गडबडीने उठला, धोतर झटकले, बरोबरचे गाठोडे डोक्यावर घेतले. पडवीत ठेवलेले काही परत सापडेल याची त्याला खात्री नव्हती. पायरीखाली काढून ठेवलेल्या वहाणा त्याने उचलून हातात घेतल्या. एकीचा अंगठा अजून तुटलेलाच होता. दाराशी पट्टेवाला म्हणाला, "वहाणा आत न्यायच्या न्हाईत," पण तोवर तो उंबरा ओलांडून, हार घातलेल्या सरदाराच्या खाली जाऊन उभा राहिला होता.